काकूंच्या अंगणातला बर्फ

जगातली सगळी मजा देवाने एकाच पत्त्यावर पाठवायची ठरवली असेल, तर तो पत्ता जयपूरच्या रेल्वे कॉलनीतला, आमच्या शेजारचा क्वार्टर होता. मधे फक्त एक भिंत. तिच्या अलीकडे माझं घर होतं. तिथे आठवड्याचा स्वयंपाक रविवारी ठरे, चादरी वारानुसार बदलत आणि कोणतीही वस्तू अंधारातही हाताला लागे. पलीकडे एका गार्डचं कुटुंब राहत असे आणि त्यांच्याकडे अंधार झाला की पार्टी होत असे. खरंच. लाइट गेली की आम्ही मेणबत्ती शोधायचो, म्हणजे शोधायची गरज नसायची, ती जागेवरच असे. शेजारून मात्र ‘हेऽऽ’ असा आनंदाचा ओरडा यायचा आणि त्यात सर्वांत वरचा आवाज त्या घरच्या बाईंचा असायचा.

त्या अकोल्याच्या. मला ताई म्हणत. कॉलनीतली सगळी पोरं त्यांना काकू म्हणत, म्हणून इथेही काकूच म्हणते. काकूंना कुठल्याही संकटात सणच दिसायचा. मे महिन्यात आंधी आली की आम्ही खिडक्या लावून, फटींत ओली फडकी कोंबून बसायचो. काकू दारात उभ्या राहून आंधी बघायच्या, आणि ती ओसरली की घरभर पसरलेल्या धुळीवर त्यांची दोन्ही मुलं बोटांनी उंट काढायची. “झाडू थोड्या वेळानं मारते जी,” त्या म्हणायच्या, “उंट लई छान जमला.” एकदा नवऱ्याचा डबा भरला, पण तो द्यायचा राहिला, कारण समोरच्या कडुलिंबावर मोर येऊन बसला होता. गार्डसाहेब उपाशी ड्यूटी करून परत आले आणि त्यांनी पहिलं विचारलं, “मोर होता का अजून?” असा नवरा मिळायलाही नशीब लागतं. आमच्या ह्यांना डबा पाच मिनिटं उशिरा मिळाला तर ते फक्त घड्याळाकडे बघत.

आणि माझी लेक! शाळेतून आली की दप्तर माझ्याकडे आणि ती काकूंकडे. “आई, मतलब, त्यांच्याकडे मजा असते,” असं तिने मला एकदा समजावून सांगितलं. मी तिच्या कपड्यांना इस्त्री करत होते. इस्त्री जरा जोरातच फिरली.

मग फाल्गुनातल्या त्या दुपारी गारा पडल्या. जयपूरला बर्फ पडत नाही, पडतात त्या गारा, आणि त्याही पडल्या पडल्या विरघळतात. पण त्या दिवशी बघता बघता कॉलनीचं मैदान पांढरंशुभ्र झालं. मी धावत जाऊन गच्चीवरच्या कुरडया उचलल्या, गाद्या आत घेतल्या, खिडक्या लावल्या. शेवटची खिडकी लावताना बाहेर पाहिलं, तर शेजारचं अख्खं कुटुंब डोक्यावर पातेली घेऊन अंगणात उभं होतं. प्रत्येक पातेल्यावर गारा वेगळ्या सुरात वाजत होत्या. काकूंच्या सासूबाईंना खुर्चीवर बसवलं होतं. अंगावर जयपुरी रजई, डोक्यावर घमेलं, चेहरा काश्मीरला आल्यासारखा.

“ताई, आत काहून बसल्या? बर्फ पडून राहिला ना जी!”

“गारा आहेत त्या!” मी ओरडले.

“एक दिवस बर्फ म्हटलं तर कोणाचं काय जाते?”

कोणाचं काही जात नव्हतं. माझं मात्र जात होतं. आमच्या ओट्यावरचं वरणाचं पातेलं डोक्यावर घालून लेक पळाली आणि तिच्या मागोमाग, ‘जरा बघून येतो’ म्हणत, आमचे हेही गेले. ह्यांनी डोक्यावर चाळणी घेतली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना असं खिदळताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि तेही भिंतीपलीकडे.

थोड्या वेळाने गारा थांबल्या आणि लेक आत आली. “आई, आइसक्रीमचं पॉट दे ना. काकू म्हणतात, एवढा बर्फ फुकट का घालवायचा?” ते पॉट माझं, माहेरून आणलेलं. उन्हाळ्यात झोटवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी आणायची, ती फोडायची, मग पॉट निघायचं, तेही पाहुणे असले तर. दिलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

खिडकीतून बघत बसले. दूध डब्यात, गारा भोवती, आणि सगळे पाळीपाळीने हँडल फिरवताहेत, गाणी म्हणताहेत. फिरवून फिरवून दमले, तरी दूध दूधच. काकू झाकण उघडून बघत आणि “होईल, होईल” म्हणत. मला पहिल्या फेरीतच कळलं होतं. त्यांनी गारांत मीठ घातलं नव्हतं. नुसत्या बर्फात आइसक्रीम जन्मात धरत नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. एवढी मजा एका घरात आणि मूठभर मीठ नाही! मग हँडलवर लेकीची पाळी आली. तिचे तळवे लालभडक झाले होते, तरी ती सोडेना. मी खडेमिठाची बरणी उचलली आणि गेले.

मीठ घातलं, थर लावले, हँडल हातात घेतलं. ते हळूहळू जड होत गेलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या. “मी म्हणतच होते, ताईंशिवाय हे होत नाही!”

म्हणत होत्या, तर मग बोलावलं का नाही? पण तेवढ्यात सासूबाईंनी वाटी पुढे केली. आइसक्रीम उत्तम धरलं होतं. पुढे कितीतरी दिवस लेक शाळेत सांगत होती, काकूंनी बर्फाचं आइसक्रीम केलं.

वर्षभरात त्यांची बदली झाली. सामान मीच बांधून दिलं, कारण काकू प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिची गोष्ट सांगत बसल्या असत्या. शेजारी एक शांत, व्यवस्थित कुटुंब आलं, अगदी आमच्यासारखं. भिंतीपलीकडून काही ऐकू येईना.

पुढच्या थंडीत एकदा पत्र्यावर टपटप वाजलं. लेक खिडकीशी गेली, पण दाराकडे वळली नाही. मी हातातली फणी ठेवली, पदर खोचला आणि तशीच अंगणात गेले. चार गारा खांद्यावर बसल्या. मी वळून मोठ्याने म्हटलं, “अगं ये, बर्फ पडतोय!” लेक चप्पल शोधून बाहेर येईपर्यंत ऊन पडलं होतं. आम्ही दोघी ओल्या अंगणात वर बघत उभ्या राहिलो.

काकू असत्या, तर गारा आणखी थोडा वेळ पडल्या असत्या.