न वाचलेल्या पत्राचं तिकीट

जयपुरात आमच्या शेजारी एक कारकून राहत. टपालतिकिटं जमवण्याचं खूळ आम्हा दोघांनाही होतं. पत्नी गेल्यावर आलेली सांत्वनाची पत्रं मी फोडलीच नाहीत. जाडजूड ग्रंथ शिकवणारा मी चार ओळींना भ्यालो. ते कारकून रोज संध्याकाळी तिकीट मागायला यायचे. मी बंद पाकीट पुढे केलं की मान हलवायचे.

"ना जी, बिना पढ़ी चिट्ठी का टिकट हम नहीं लेते, मास्टर साहब."

मग मी रडत वाचायचो. ते वाटीतल्या पाण्यात तिकीट भिजवून सोडवत बसायचे. आपण त्यांच्या छंदाला हातभार लावतोय, असं मला वाटे. शेवटचं पत्र संपलं त्या दिवशी त्यांचा अल्बम पाहिला. तसलीच तिकिटं पानभर आधीपासून होती.

मी चहा केला, साखर विसरलो.

"बढ़िया है," ते म्हणाले.