केदारखेड्याच्या लखपतीचा रुपया

जालन्याला मी यापूर्वी दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही वेळा जेवून लगेच परतलो होतो. या खेपेला नाशिकहून पहाटेच्या गाडीत बसलो तो एका रुपयासाठी. एक रुपया बघायला जिल्हे ओलांडणारा माणूस शहाणा नव्हे, हे मलाही कळतं. पण जुनी नाणी जमवणं हे माझं वेड आहे. पोस्टातून निवृत्त झालो, लग्न राहून गेलं. आता घरात मी आणि नाण्यांचं एक लोखंडी कपाट. सणावारालाही आम्ही दोघंच असतो.

नाण्यांविषयी मी एका मासिकात लिहितो. ते वाचून भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याहून एका मास्तरांनी फोटो पाठवला होता. "शेजारच्या कौसाबाईंचा रुपया आहे. मोलाचा आहे का, असं त्या विचारतात." फोटो पाहिला आणि माझ्या हातातला चहा निवून गेला. निजामाच्या राज्यातला चांदीचा हाली रुपया (हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन). त्यावरच्या चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असतं. सुरुवातीच्या काही रुपयांवर ते अर्धवटच उमटलं आणि तसले रुपये फार थोडे सापडतात. हा त्यांतला होता. वर काळानं चढवलेला निळसर काळा थर, आणि त्याखाली एकूणएक रेघ शाबूत. चाळीस वर्षांत असा रुपया माझ्या वाट्याला आला नव्हता.

मास्तरांना फोन करून मी साळसूदपणे म्हणालो, "तसा काही खास वाटत नाही. पण येऊन बघतो." खास आहे म्हटलं असतं तर बाईंनी किंमत वाढवली असती. 'नाणं धुऊ नका, पुसूही नका,' हे मी प्रत्येक लेखात लिहितो. त्या दिवशी मात्र मुद्दाम बोललो नाही. एवढी काळजी दाखवली की समोरच्याला वास लागतो.

जालना स्टेशनाबाहेर पडलो तेव्हा थंडी बोचत होती. सळ्या भरलेले ट्रक एकामागून एक चालले होते. स्टँडवर भोकरदनची बस खचाखच भरलेली मिळाली. त्यात माझ्या टोपीवर कुणाचा तरी पाय पडला आणि ती बाकाखालून बाहेर काढेपर्यंत तिची पार रया गेली. गर्दी राजूरच्या गणपतीला निघाली होती. राजूरला सगळे उतरले, आणि बसमध्ये एकदम इतकी शांतता झाली की मला उगाचच कुणीतरी टाकून गेल्यासारखं वाटलं. बाहेर वेचणीला आलेला कापूस, तुरीची शेतं, मधूनच मोसंबीची हिरवीगार बाग. सांगायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून नुसतं बघत बसलो.

मागच्या बाकावरचे एक धोतरवाले आजोबा पुढे सरकले.

"पाव्हणे, कुठं?"

"केदारखेड्याला. कौसाबाईंकडे."

"म्हंजी लखपतीकडं!" ते खदखदून हसले. "तिचा मालक हो. गेल्या साली वारला. जल्मभर एक काळा रुपया दाखवून राह्यल्ता गावाला. लाखाचा हाये म्हने! कोनाला हात लावू देत न्हवता. आन घराचे पत्रे बघा, बिलकुल चाळणी."

मीही हसलो. हसायला नको होतं.

केदारखेडा आला. मास्तर फाट्यावर उभे होते. सडपातळ, तिशीतले, भिडस्त गृहस्थ. कौसाबाईंचं घर बौद्धवाड्यात, दोन खोल्यांचं, अंगण नुकतंच सारवलेलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धांची, आणि खाली हार घातलेला एका मिशाळ माणसाचा फोटो. लखपती तो हाच असणार.

"जय भीम, भाऊ. या. आधी जेवा," कौसाबाई म्हणाल्या. सत्तरीची बाई, पण पाठ ताठ. "रुपया कुठं पळून चालला न्हाई."

ज्वारीची भाकरी, हिरवा ठेचा आणि येसराची आमटी (भाजलेलं धान्य, डाळी आणि मसाला दळून केलेल्या पिठाची). घरी मी एकट्यासाठी खिचडी टाकतो. इथे कुणीतरी समोर बसून "घ्या की अजून" म्हणत होतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. वाढता वाढता बाईंनी रुपयाचं मोल का विचारलं तेही सांगितलं.

"मला विकायचा न्हाई, भाऊ. ह्यांच्या बापाला निजामाच्या राज्यात हिरीच्या कामावर भेटल्ता. ह्यांनी जपला. गाव तोंडावर लखपती म्हनायचं, मागं हसायचं. मीबी हसले एक-दोन डाव. आता मानूस गेला. तुम्ही जानते हायेत. एवढंच सांगा, हे बराबर बोलत होते का येडे होते?"

विकायचा नाही, हे ऐकून मी ताट बाजूला सारलं. कबूल करतो, त्या क्षणी मला त्या माणसाच्या अब्रूपेक्षा माझ्या कपाटातली रिकामी खाच दिसली. मग त्यांनी आतून स्टीलची ताटली आणली.

ताटलीत रुपया पांढराशुभ्र चकाकत होता.

"पाव्हणे येनार म्हनून पहाटं उठून घासला," बाई अभिमानानं म्हणाल्या. "चिंच भिजू घातल्ती, मंग राखेनं घासला. एवढी काळी वस्तू मानसापुढं कशी ठेवावी? हे असते तर हात लावू दिला नसता."

मी भिंग काढलं. खरं तर गरज नव्हती. थर गेला होता, आणि त्याखाली जपून राहिलेली टाकसाळीची झळाळीही. राखेच्या बारीक रेघा चारमिनारभर फिरल्या होत्या. कमानीतलं ते अर्धवट अक्षर नाहीसं व्हायच्या बेताला आलं होतं. काल या रुपयासाठी मोठमोठे संग्राहक अडून बसले असते. आज त्याला चांदीच्या भावाहून थोडं वर, एवढंच मोल. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आणि हा मारुती माझ्याच लबाडीनं झाला होता. फोनवर एक वाक्य बोललो असतो तर ही वेळ आली नसती.

मास्तर आणि बाई माझ्या तोंडाकडे बघत होते. मी भिंगामागे तोंड लपवून बसलो. नाणं साधं आहे म्हणावं, तर मेलेला माणूस कायमचा वेडा ठरतो. खरं सांगावं, तर नवरा शहाणा ठरतो, पण त्याची जन्माची राखण बायकोनं एका सकाळी धुऊन टाकली हे तिला उरलेलं आयुष्य सोसावं लागतं. किमतीबाबत बोललो असेन, पण नाण्याच्या अवस्थेबाबत मी आजवर खोटं बोललो नव्हतो. तेवढी एकच गोष्ट माझ्याजवळ मिरवण्यासारखी होती.

"ताई," मी म्हणालो, "तुमचे मालक बरोबर बोलत होते. नाणं अस्सल आहे, दुर्मीळ आहे, आणि त्यांनी ते जपलं तसं फार थोडे लोक जपतात."

बाईंनी हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लिहून द्या."

मी मास्तरांकडून कागद घेतला. अस्सल, दुर्मीळ, अवस्था अति उत्तम, असं लिहून खाली सही केली. सहीच्या वर बारीक अक्षरात 'पाठवलेल्या फोटोवरून' असं घातलं आणि तारीख फोटो आला त्या दिवसाची टाकली. तेवढ्यानं माझी सही खोटी ठरत नव्हती. मास्तरांनी कागद मोठ्यानं वाचला. बारीक अक्षरांपाशी ते थबकले, माझ्याकडे पाहिलं आणि तेवढं गाळून पुढे वाचलं. बाईंनी तो त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावला.

"गावातबी वाचून दाखवा, मास्तर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आन भाऊ, घासल्यानं मोल अजून वाढलं असंल न्हाई?"

इथे बारीक अक्षरांची सोय नव्हती.

"वाढलं," मी म्हणालो. "पण आता पुन्हा घासू नका. एवढं पुरे."

परतीच्या बसमध्ये राजूरला पुन्हा गर्दी चढली. नारळाचे तुकडे वाटले गेले, माझ्याही हातावर एक आला. जालन्याहून गाडी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी कपाट उघडून बसलो. एकेक नाणं जागच्या जागी, काळंसावळं, जसंच्या तसं. त्यांना माझ्याखेरीज कुणाचा हात लागत नाही, याचा मला आजवर गर्व होता. त्या सकाळी मात्र मला रडू आलं. एक चांगला रुपया गेला म्हणून नव्हे. मी येणार म्हणून कुणीतरी पहाटे उठलं होतं, चिंच भिजत घातली होती, घरातली सगळ्यात मोलाची वस्तू माझ्यासाठी लख्ख करून ठेवली होती. आणि मी तिथे गेलो होतो तो ती वस्तू कमी किमतीत उचलायला.