उदगीरची जीप नांदेडला आणताना

निघताना आमचे हे फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "जाताना एसटीने जातेस ते ठीक. येताना ढकलत येऊ नकोस म्हणजे मिळवलं."

जीप घ्यायचं माझ्या डोक्यात आल्यापासून घरात अशी टोलेबाजी चालूच होती. पाटबंधारे खात्यात इंजिनियर म्हणून माझी सगळी नोकरी कालव्यांच्या कडेने सरकारी जीपमधून फिरण्यात गेली. पण बसायचं ते चालकाशेजारी, चालवायचं कधीच नाही. निवृत्त झाल्यावर मी गाडी शिकले, छोटी मोटार घेतली, तरी मन काही भरलं नाही. मला जीप हवी होती, आणि तीही अमेरिकेतून आलेली जुनी, अस्सल. उदगीरजवळच्या एका खेड्यात तशी एक विकायची आहे असं कळलं. मालक सुदाम लातूरला नोकरीला. फोनवर सगळं ठरलं, फक्त शेवटी तो म्हणाला, "आईला मी सांगतो." त्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

नांदेडच्या बसस्थानकावर माणिकमामा भेटले. हे माझे ऑफिसचे जुने चालक, हदगावकडचे शेतकरी. खांद्यावर टॉवेल आणि हातात पान्यांची पिशवी. "मॅडम, गाडी पसंत न्हाई पडली तर तोंडावर सांगनार मी," त्यांनी बसमध्ये चढता चढताच बजावलं.

लोहा मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना काळी रानं सुरू झाली. सोयाबीन कधीच निघालं होतं. हरभरा घोट्याएवढा झाला होता आणि उभ्या तुरीच्या शेंगा वाळायला लागल्या होत्या. खिडकीतून येणारं वारं थंड होतं. मी मामांना जीपचा इतिहास सांगायला घेतला. आपल्याकडे जीप म्हणजे गाडीची एक जात; चारी बाजूंनी उघडी, उंच आणि दणकट दिसली की तिला जीप म्हणायचं. मुळात ते एका अमेरिकन गाडीचं नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या लष्कराला हलकी, कुठेही जाणारी गाडी हवी होती, म्हणून ती बनवली. नाव कसं पडलं याच्या चार कहाण्या आहेत आणि चारही सांगणारे शपथेवर सांगतात. युद्ध संपल्यावर उरलेल्या गाड्या लिलावात निघाल्या. पुढे मुंबईत सुटे भाग आणून जीप जोडायला लागले, मग इथेच बनू लागल्या. तिकडे अमेरिकेत मात्र ते नाव एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकलं जात राहिलं.

"म्हंजी नावाला घर न्हाई," मामा म्हणाले आणि झोपले.

अहमदपूरला बस थांबली. स्टँडसमोरच्या हॉटेलात सुशीला (मुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेले) आणि गरम भजी खाल्ली. बाजूच्या बाकावर वडाप (माणसं भरून नेणारी खासगी गाडी) चालवणारा एकजण चहा पीत होता. त्याची जीप देशी बनावटीची होती आणि टपावर सोयाबीनची पोती होती. कशी आहे गाडी, असं मी विचारलं.

"जीप भरली असं तुम्ही कवा बघितलंय का, ताई?" त्याने उलट मलाच विचारलं. "एसटी भरते, रेल्वे भरते. जीप काय भरत न्हाई."

"आणि त्रास?"

"त्रास हाय की. हाडं खिळखिळी करते. पर रस्ता नसला तर बाकीच्या गाड्या थांबतात, ही जाते."

शिरूर ताजबंदवरून वळून दुपारच्या आत उदगीरला पोचलो. मोंढ्यात (धान्य बाजारात) सोयाबीनच्या ढिगाऱ्यांपलीकडे एक लालभडक नवी जीप उभी होती. हिच्यावर मूळ अमेरिकन नाव होतं. गेल्या काही वर्षांत ती कंपनी स्वतःच इकडे आली आणि पुण्याजवळच्या कारखान्यात गाड्या बनवू लागली. मालक आडत दुकानदार होते. आम्ही गाडीभोवती घुटमळतोय हे पाहून ते गादीवरून उठून आले. त्यांनी दार उघडून दाखवलं, स्क्रीन दाखवली, थंड हवा लावून दाखवली.

"शेतात नेता का?" मी विचारलं.

"येडं लागलंय का, ताई! रंग खराब व्हईल." मग जरा ओशाळून हसले. "आमच्या घरचे म्हनतात, चढायला पायरी उंच हाय. पर बसलं की सगळं बाजार खाली दिसतंय बगा."

माणसाला जीप कशासाठी हवी असते याचं एवढं सरळ उत्तर मी ऐकलं नव्हतं. तिथून, लातूरहून आलेला सुदाम आम्हाला मोटारसायकलींवर गावी घेऊन गेला. मी त्याच्यामागे, मामा त्याच्या मित्रामागे.

गावाला दगडी वेस (प्रवेशद्वाराची कमान) आहे. सुदाम वेशीतून न जाता बाहेरच्या वाटेने वळला आणि गावाला वळसा घालून वस्तीवर आला. ही बौद्ध वस्ती. विहाराशेजारी त्याचं नवं सिमेंटचं घर आणि बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये ती. मातकट हिरवी, बुटकी, चेहरा लोखंडी पट्ट्यांचा. मी पुढे जाऊन त्या पट्ट्यांमधल्या फटी मोजल्या. नऊ. युद्धातल्या जीपला नऊ फटी असायच्या, नंतरच्यांना सात. स्टिअरिंगसुद्धा डाव्या बाजूला होतं. मला इतका आनंद झाला की मी तिच्या बॉनेटवर हात ठेवून नुसती उभी राहिले.

मामांनी बॉनेट उघडलं आणि तोंड वाकडं केलं. "इंजिन बदललंय. डिझेलचं टाकलंय. अस्सल कशाची, मॅडम?"

"चेहरा अस्सल आहे," मी म्हणाले.

"चेहऱ्यावर गाडी चालती व्हय?"

आमची जुंपणार तेवढ्यात घरातून समिंद्राबाई बाहेर आल्या. सुदामच्या आई. ऐंशीच्या पुढच्या, ताठ चालणाऱ्या. मी जयभीम केला, त्यांनी केला आणि लगेच म्हणाल्या, "बाई, तू लांबून आलीस, जेवून जा. पर गाडी न्हाई मिळायची."

सुदाम जमिनीकडे बघू लागला. 'सांगतो' म्हणाला होता, 'विचारतो' नव्हे, हे माझ्या आता ध्यानात आलं. याआधी दोन गिऱ्हाईकं अशीच जेवून परत गेली होती. माझं तोंड एवढंसं झालं असणार, कारण त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि स्वतः समोर बसल्या. ताटात ज्वारीची भाकरी, तुरीच्या सोल्यांची आमटी आणि लसणाची चटणी आली.

गाडी त्यांच्या सासऱ्यांनी आणली होती. ते फौजेत ड्रायव्हर होते. "तवा आमच्या नवरदेवाला घोड्यावर बसून वेशीतून जाऊ देत न्हवते," समिंद्राबाई म्हणाल्या. "माझं लगीन झालं तवा मला मागच्या वाटेनं आनली. पायी. वाजंत्री बंद. पुढल्या वर्षी धाकट्या दिराचं ठरलं. सासरा सिकंदराबादला गेला आन् लिलावातून ही गाडी घेऊन आला. त्यो म्हनला, घोडा नको तर घोडा न्हाई."

"मग?"

"मग काय! पोलीस ॲक्शनला, निजामाचं राज गेलं तवा, असल्याच गाड्या आल्त्या ना फौजेच्या. लोकांच्या ध्यानात व्हतं. गाडी वेशीतून आत शिरली तशी पारावरची समदी उठून उभी राहिली. सायब आला म्हनून कुनी रामराम घातला, कुनी मुंडासं काढलं. आन् बघत्यात तर आत माझा दीर आन् शेजारी त्याची नवरी, दोघंबी लग्नाच्या पांढऱ्या कपड्यात." त्या हसल्या. "घातलेला रामराम परत घेता येतो व्हय?"

तेव्हापासून वस्तीतली प्रत्येक वरात याच गाडीतून, वेशीतूनच निघाली. गाडीची पुढची सीट फक्त नवरानवरीची; नवरा कडेला, नवरी आत. बाकी कुणी बसायचं नाही, असा सासऱ्यांनी दंडकच घातला होता. आता पोरं भाड्याने पांढऱ्या मोटारी आणतात, घोडाही मिळतो, कुणी अडवत नाही. जीप शेडमध्ये उभी असते.

"तुम्ही किती वेळा बसलात?" मी विचारलं.

"मी? मी कशी बसनार? माझं लगीन आधीच झाल्तं." हे त्या इतक्या सहज बोलल्या की माझा घास हातातच राहिला. ज्या बाईच्या दारात गाडी उभी राहिली, जिने ती दर लग्नाला पुसली असेल, ती एकदाही पुढे बसलेली नव्हती. मला वाईट वाटलं आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येत नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "चालवनार कोन? ह्यो बाबा?"

"मी."

"तू? खरंच?" त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. "मग गावातून एक चक्कर मारून दाखीव."

गाडी मिळण्याची आशा पुन्हा जिवंत झाली. मी चढले. उजव्या हाताने गिअर टाकायची सवय नसल्यामुळे पहिल्याच झटक्यात डावा हात बाहेरच्या हवेत गेला आणि इंजिन बंद पडलं. मामा कपाळाला हात लावून बसले. दुसऱ्या वेळी चालू झाली. समिंद्राबाई मागच्या बाकाकडे निघाल्या होत्या.

"मावशी, पुढे या."

"न्हाई. पुढं नवरीची जागा हाय."

"तुमची वरात राहिलीय की. एका वर्षाने चुकली, एवढंच."

त्या थांबल्या. मग घरात गेल्या. मला वाटलं, मी नको ते बोलून बसले, आता गाडीही गेली. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या तेव्हा अंगावर पांढरं, घडीचं लुगडं होतं. सुदामने हात दिला. त्या पुढच्या सीटवर बसल्या, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "हळू घे. वरात पळत नसती."

वस्तीच्या वाटेने गावाबाहेर पडून मी गाडी वेशीसमोर आणली आणि आत घातली. दुकानं, ग्रामपंचायत, मारुतीचं देऊळ. पारावर मोबाईल बघत बसलेली पोरं मान वर करून पाहू लागली. त्यांच्यातले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठून उभे राहिले. आदराने की नीट दिसावं म्हणून, कोण जाणे.

"काय समिंद्राकाकू, कुनाची वरात म्हनायची ही?"

"माझी," समिंद्राबाई म्हणाल्या.

पोरं हसली. त्या हसल्या नाहीत. पुढे बघत होत्या, हात मांडीवर, जशी नवरी बसते तशा. म्हातारेही हसले नाहीत. त्यांनी काठी बगलेत धरली आणि दोन्ही हात जोडले. माझे डोळे भरून आले आणि समोरचा रस्ता दिसेना, म्हणून गाडी आणखी हळू केली.

घराशी उतरल्यावर त्या म्हणाल्या, "ने. पर वस्तीत कुनाला पायजे झाली तर आनायची. आन् पुढच्या शिटीचं ध्यानात ठेव." मी दोन्हीला हो म्हणाले.

परतीच्या वाटेवर मामांनी मला विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले. आयुष्यभर पुढे बसून गाडी चालवलेला माणूस. शिरूर ताजबंदपर्यंत वाऱ्याने त्यांच्या टॉवेलाचा झेंडा झाला होता. मी म्हटलं, आता कोण बघतंय, या पुढे. "म्हातारीनं सांगितलंय ना," ते म्हणाले. अहमदपूरला तो वडापवाला पुन्हा भेटला. रिकामी सीट पाहून त्याला राहवेना. "ताई, जीप आन् जागा रिकामी?" तो म्हणाला. मामांनी मागून सांगितलं, "भरलेली हाय." लोह्याजवळ गाडी एकदा तापली, हातपंपाचं पाणी घातलं, आणि दिवस मावळायच्या आत नांदेडला आलो, न ढकलता.

हे फाटकात उभेच होते. "मामा मागे आणि पुढे कुणीच नाही? हा काय प्रकार?" मी सांगायला सुरुवात करणार तोच फोन वाजला. समिंद्राबाई होत्या.

"पोचलीस का? पुढं कोन बसलं?"

"कुणी नाही, मावशी."

"बरं केलंस. पर तुझ्या मालकाला एकदा बसीव. त्यो बी कवातरी नवरा व्हता."

फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे ह्यांना सगळं ऐकू गेलं. आमचं लग्न कचेरीत सही करून झालेलं. वरात निघालीच नव्हती, आणि इतक्या वर्षांत दोघांनीही तिचा विषय काढला नव्हता. मला वाटलं, आता एखादा टोला येणार. हे घरात गेले, धुतलेला पांढरा शर्ट घालून आले आणि पुढच्या सीटवर बसले.

मी गाडी हळू घेतली.