जागेवर हजर

गल्लीत त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणत. जमीन मोजण्याच्या खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, साखरेच्या आजाराने डावा पाय गुडघ्याखाली नेला त्यालाही दोन वर्षं झाली होती, पण साहेबकी काही जात नव्हती. खिडकीतून ओरडून सांगायचे, की समोरच्याने कुंपण वीतभर पुढे सरकवलंय. ते खरंच निघायचं, म्हणून समोरचा जास्त चिडायचा.

घरात ते आणि सून, दोघंच. मुलगा लांब एका धरणाच्या कामावर. सून दातांच्या कवळ्या बनवायची. पुढच्या खोलीत तिचं टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे आ वासून पडलेले, आणि शेजारी सासऱ्यांची चाकाची खुर्ची. दोघांचं दिवसभर वाजायचं. पंखा का लावला इथपासून पंखा का बंद केला इथपर्यंत. भांडण संपलं की साहेब नदीच्या गोष्टी काढायचे. तीस वर्षं त्यांनी एकाच नदीचे काठ मोजले होते. पण एका वळणानंतर नदी दुसऱ्या कचेरीच्या हद्दीत जायची आणि साहेबांना मोजणीची साखळी गुंडाळून मागे फिरावं लागायचं. ती समुद्राला मिळते कशी, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. निवृत्त झालो की काठाकाठाने चालत जाऊ, असं ठरवलं होतं. मग आज जाऊ, उद्या जाऊ करता करता पायच गेला.

म्हणून तर फोनवर एक जाहिरात पाहून सुनेचा जीव गलबलला. एक व्हिडिओ गेम येणार होता. त्यात अख्खा मुलूख, डोंगर, गावं, बाजार, आणि मधून नदी. ‘उगमापासून समुद्रापर्यंत चालत जा, एकही पाऊल अडणार नाही,’ असं कंपनीचा माणूस छातीवर हात ठेवून सांगत होता. साहेबांनी ते आठ वेळा पाहिलं. गेमची तारीख दोनदा पुढे ढकलली, तेव्हा जगभरचे लोक खवळले. साहेब मात्र म्हणाले, “वेळ लागतोय म्हणजे नीट मोजतायत.” सरकारी माणूस तो, उशिराचं त्याला कौतुकच.

गेम आला तो असा: घोडा अर्धा भिंतीत अडकलेला, तरी गवत खातोय. बाजारातली बाई जमिनीपासून हातभर वर चालतेय. एका शिपायाला टोपी होती, डोकं नव्हतं. “आमच्या खात्यात असे बरेच होते,” साहेब म्हणाले आणि खो खो हसले. लोक कंपनीला शिव्या घालत होते ते सून फोनवर वाचत होती. साहेबांना तिने ते सांगितलं नाही. कारण साहेब चालत होते. घोडा मिळाला तरी चालतच होते. “बसून बसून कंटाळलोय,” म्हणायचे. महिनाभरात त्यांनी उगमापासून दुसरा पूल गाठला. पावलं मोजत, वहीत नकाशा काढत.

दुसऱ्या पुलापुढे नदीचं वळण होतं, आणि तिथे जमीनच नव्हती. दिसायची, पण पाय ठेवला की माणूस थेट खाली, करड्या पोकळीत, आणि मग गेम त्याला पुन्हा पुलावर आणून सोडायचा. दोन्ही बाजूंना कडे. दुसरी वाट नाही. साहेब अकरा वेळा पडले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि भोकाची मोजणी केली. पुलापासून चारशे बारा पावलं, लांबी नऊ, रुंदी पाच. आकृतीसह अर्ज लिहिला आणि सुनेला कंपनीकडे पाठवायला लावला.

मिनिटभरात उत्तर आलं. आपली तक्रार मिळाली, आपला तक्रार क्रमांक अमुक, लवकरच लक्ष घालू.

“क्रमांक पडला!” साहेबांचा चेहरा उजळला. “आता माणूस जागेवर येणार.”

“बाबा, तसं नसतं हो. ते यंत्राचं उत्तर आहे.”

“मला शिकवू नकोस. गेम आहे हे मलाही कळतं. पण चूक दुरुस्त करायची तर चुकीच्या जागी यावं लागतं की नाही? आणि मोजणीला अर्जदार जागेवर हजर नसेल, तर अर्ज निकाली. मी स्वतः किती निकाली काढलेत.”

समजावणं सोडून तिने टेबलावरचा प्लास्टरचा जबडा घासायला घेतला. दुसऱ्या दिवशी साहेब दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून पडद्यासमोर बसले होते. पाय गेल्यापासून इस्त्री त्यांनी मागितली नव्हती.

रोज सकाळी अकराला ते गेममधला आपला माणूस त्या भोकाशी नेऊन उभा करत आणि एकपर्यंत थांबत. तिथे जगभरचे खेळाडू येत. साहेब आडवे येऊन त्यांना अडवू बघत. लोक त्यांच्या डोक्यावरून उडी मारून पोकळीत पडत. “ऐकत नाहीत लेकाचे,” ते खुशीत सांगत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, “स्मरणपत्र पाठवलंस?” तिच्या हातात गरम मेण होतं. “पाठवलं बाबा. त्यांच्याकडे गर्दी आहे म्हणाले. येतील.” इतकं सहज निघून गेलं तोंडातून. साहेबांनी वहीत तारीख घालून ते लिहून घेतलं.

सदतिसाव्या दिवशी, प्लास्टर सुकायची वाट बघत असताना, तिने बातमी वाचली. कंपनीने गेमचं काम थांबवलं होतं. माणसं काढून टाकली होती. दुरुस्ती होणार नव्हती. खाली कुणा खेळाडूने लिहिलं होतं, की काहीतरी युक्ती करून तो भोकापलीकडे गेला, तर पुढे नुसतं सपाट करडं मैदान होतं. समुद्र कुणी बनवलाच नव्हता.

साहेब शेजारच्या खुर्चीतच होते. घड्याळात बारा वाजायला आले होते, त्यांचा माणूस भोकाशी उभा होता. तिने आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि सगळं सांगितलं. समुद्राचंही सांगितलं, कारण ते लपवायची आता तिच्यात ताकद नव्हती.

साहेब कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणाले, “कुणी येणार नव्हतं, हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“हो, बाबा.” तिला रडू फुटलं. “मी सांगायला गेले होते. पण तुम्ही सदरा मागितलात, सकाळी लवकर उठायला लागलात... मला वाटलं, रमलेत तर रमू देत.”

“रमलो नव्हतो गं,” साहेब म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. “कामावर होतो.”

समोर पडद्यावर कुणी नवा खेळाडू धावत आला, भोकात पडला. साहेबांनी त्याला अडवलं नाही. बटण दाबून पडदा बंद केला, वही मिटली आणि खुर्ची स्वतःच ढकलत आतल्या खोलीत गेले. उंबऱ्याशी चाक अडलं. ती धावली, तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि तीन प्रयत्नांत चाक पार केलं.

पुढचे दिवस तिने कसे काढले, तिलाच ठाऊक. साहेब वेळेवर जेवत, वेळेवर गोळ्या घेत. आठवड्याने तिने धीर करून विचारलं, “बाबा, दुसरा एक गेम आलाय. लोक चांगला म्हणतायत. त्यात समुद्र आहे, मी स्वतः बघून खात्री केलीय. आणू?”

तिने मनाशी ठरवलं होतं, की त्यांनी वाट्टेल ते बोलावं, वस्तू फेकून मारावी, ती ऐकून घेईल.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. आजाऱ्याला बघायला आलेल्या पाहुण्यासारखे ते अगदी सभ्यपणे हसले आणि म्हणाले, “तुला बरं वाटत असेल, तर आण.”