रतन राऊतची रविवारची खुर्ची

डहाणू रोडच्या निम्म्या दुकानांवरची अक्षरं एकेकाळी आगर गावच्या रतन राऊतच्या हातची होती. मिठाईवाल्याची पाटी गुजरातीत, दवाखान्याची मराठीत. वेलांटी तो एका झटक्यात वळवायचा. मग फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश सुकले. तरी अठ्ठावन्नाव्या वर्षी तलासरीकडच्या एका पाड्यावरून त्याला बोलावणं आलं, समाजमंदिराची पाटी रंगवायला.

रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत बसून काय करायचं, म्हणून त्याने पुठ्ठ्यावर पेन्सिलीने समोर बसलेल्या शुक्राचं चित्र काढलं. समाजमंदिराची किल्ली या शुक्राकडे असे. शुक्राने चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"हा तर तुमचा भाऊ वाटतो," तो म्हणाला.

खरंच, नाक रतनचं होतं, कपाळही रतनचंच. तो ओशाळला.

"रविवारी येतो. परत बसाल?"

शुक्रा बसला, मग इतरही हौसेने बसू लागले. रतन दर रविवारी स्कूटरवरून कागद घेऊन यायचा. एकजण खुर्चीत, बाकीचे रतनच्या पाठीमागे. "कान खाली गेला." "हनुवटी कुठं ठेवलीत हिची?" नऊ जण बसले आणि नऊही जण कागदावर रतनचे सख्खे नातेवाईक निघाले. सगळे पोट धरून हसायचे, रतन त्यांच्याहून जास्त.

दहावी आली लाडकीबाई. सत्तरीची, कपाळावर गोंदण, पुढचे दोन दात पडलेले. बाईमाणसाचा मान म्हणून रतनने सुरकुत्या गाळल्या, ओठ मिटून टाकले. तिने कागद परत केला.

"ही पोर कोण? माझं गोंदण नाय, सुरकुत्या नाय. भाऊ, तू कागदाकडंच बघतोस. माझ्याकडं बघ ना."

रतनने खोडरबर खिशात टाकला आणि नवा कागद घेतला. या वेळी पेन्सिल न टेकवता तो नुसता बघत राहिला. लाडकीबाई गप्प बसणारी नव्हती. तिची बकरी शाळेत शिरून हजेरीपट कशी खाऊन आली, ते ती सांगू लागली आणि स्वतःच हसली. डोळ्यांखालच्या घड्या गालापर्यंत उतरल्या. रतनला त्या एकदम अक्षरांसारख्या दिसल्या, प्रत्येकीचं वळण वेगळं. त्याचा हात चालू लागला. गोंदणाचे ठिपके त्याने मोजून घातले. दातांची फटही गाळली नाही.

लाडकीबाईची सून हिरी पाण्याचा तांब्या घेऊन आली, कागदाकडे बघून जागीच थबकली.

"ही तर सासूच, आता ओरडेल मला," ती म्हणाली.

लाडकीबाईने कागद हातात घेतला आणि दातांच्या फटीवर बोट ठेवलं.

"हां. ही मी."

घडी न घालता, दोन्ही तळव्यांवर धरून ती चित्र घरी घेऊन गेली. रतन ती ताडांआड जाईपर्यंत बघत राहिला. जेवण राहिलंय हे त्याच्या लक्षातही नव्हतं. मागे वळला, तर खुर्चीसाठी तिघांचं भांडण जुंपलं होतं, आणि त्याने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.