नाश्त्यानंतरच्या चार गोळ्या

हेर्लेकर आमच्या फार्मसीच्या खिडकीपाशी आले ते बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन. पाय इतके सुजले होते की बूट चढले नव्हते, रबरी चपला घालूनच आले होते.

"अण्णा, पायात ताकद नाही हो. आणि छातीत मधूनच फडफडतं."

मी त्यांना बाकावर बसवलं आणि वर कॅन्सर विभागात फोन लावला. तासाभरात ते वॉर्डात होते. रक्तातलं पोटॅशियम फार खाली, बीपी फार वर.

बंगळुरूतल्या एका हॉस्पिटलात मी चीफ फार्मासिस्ट होतो. हेर्लेकर सरकारी कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले इंजिनिअर. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत गेला होता. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो. इंजेक्शनने वृषणांतलं हार्मोन बंद करता येतं. पण मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि खुद्द कॅन्सरच्या पेशी थोडं थोडं बनवत राहतात. अबिरेटेरोनची गोळी ते बनणंच अडवते. त्यांना रोज सकाळी चार होत्या. जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. ते नसेल तर ग्रंथीत दुसरं हार्मोन वाढतं, अंगात मीठपाणी साठतं आणि पोटॅशियम निघून जातं.

या गोळीपुढे मी आजही थक्क होतो. व्हीलचेअरवरून आलेला माणूस दोन महिन्यांनी आनेकलहून एकटा बसने आलेला मी पाहिला आहे. पण तीच गोळी उपाशीपोटी घ्यावी लागते. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. पोटात अन्न असलं, त्यातून लोणी-तूप, तर ती कित्येक पटींनी जास्त रक्तात शिरते, मग स्टिरॉइडही पुरं पडत नाही. लोण्यात भिजलेल्या एका बेण्णे दोशात एवढी ताकद असते, हे मला नोकरीची तीस वर्षं झाल्यावर कळलं.

डॉक्टर मॅडमनी वर बोलावलं. "हे नाश्त्यानंतर घेत होते. तुम्ही काउन्सेलिंग केलं होतं ना? एम्प्टी स्टमक सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं, मॅडम."

खरं तर त्या दिवशी रांग मोठी होती. मी तोंडी काहीच सांगितलं नव्हतं.

"सरी," म्हणजे ठीक आहे, म्हणत मॅडमनी फाइलमध्ये लिहिलं की पेशंटने सूचना पाळल्या नाहीत.

हेर्लेकरवहिनी शेजारीच उभ्या होत्या. "जन्मभर मायक्रॉन मोजलेत. चार गोळ्या नीट घेता येईनात?"

हेर्लेकरांनी उशीखाली घातलेला हात रिकामाच बाहेर काढला.

संध्याकाळी वहिनी कॉफी आणायला गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. उशीखालून दोन कागदी पाकिटं काढली. आमच्याकडे स्ट्रिप पाकिटात घालून वर हाताने लिहून देत. दोन्हींवर माझं अक्षर होतं, "सकाळी, नाश्त्यानंतर." स्टिरॉइडसाठी ते बरोबर. दुसऱ्या गोळीसाठी घातक. बहुतेक औषधं आम्ही खाऊन घ्यायला सांगतो, हात आपोआप तेच लिहितो. अशा चुकांसाठीच दुसरी फार्मासिस्ट पाकीट तपासून सही करायची. पण आपला माणूस म्हणून मी मराठीत लिहिलं होतं. ती केरळची, तिला देवनागरी येत नव्हती. अण्णांनी लिहिलंय म्हटल्यावर तिने सही केली.

"मॅडमना का नाही दाखवलंत?"

"दाखवणारच होतो. तुम्ही आधी उत्तर दिलंत." त्यांनी पाकिटं माझ्या हातात दिली. "आमच्याकडे मशीनवरचा जॉब बिघडला की आधी मशीन थांबवायचं. कोणी बिघडवला ते मागाहून. तुमचं मशीन थांबलंय का, अण्णा?"

मला कळायला वेळ लागला. मराठीत मी त्यांना एकट्यालाच लिहून देत नव्हतो.

ज्याचं हृदय माझ्यामुळे अडखळत होतं, तो पडल्या पडल्या माझ्या बाकीच्या पेशंटांची काळजी करत होता. असा माणूस मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

खाली येऊन रजिस्टर काढलं. त्याच गोळीचे आणखी तीन मराठी पेशंट निघाले, तिघांना फोन लावले. दोघांनी डॉक्टरांचं ऐकून उपाशीपोटीच घेतली होती. तिसरे, महादेवपुऱ्यात मुलाकडे राहणारे नागपूरचे काका, म्हणाले, "पोहे खाऊन घेतो ना जी. तुम्हीच तर लिहून दिलं."

मी मॅडमना फोन केला. काका नाश्त्यानंतर घेतात एवढंच सांगितलं, पाकिटाचं नाही. त्यांनी चार गोळ्या थांबवून सकाळीच रक्त तपासायला बोलावलं, स्टिरॉइड मात्र चालू ठेवायला सांगितलं. काकांचं पोटॅशियम उतरायला लागलं होतं. वेळेत सापडलं.

हेर्लेकर आठवड्याने घरी गेले. मॅडमनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पहाटे उपाशीपोटी. ते आणखी तीन वर्षं जगले. फाइलमधली ओळ तशीच राहिली. पाकिटांबद्दल त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि मीही नाही.

गेल्या महिन्यात देवनहळ्ळीला वहिनींकडे जाऊन सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मी पाहुण्यांसमोर त्यांची चेष्टा करायचे हो. गोळ्या घेता येत नाहीत म्हणून. ते हसायचे."

हॉस्पिटलला मी लेखी कळवलं आहे की ती ओळ खोटी आहे. तुम्हाला सांगायचं ते एवढंच. गोळी खाण्याआधी की नंतर, हे डॉक्टरांना आणि फार्मासिस्टला वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर गोळी तोंडात टाकण्याआधी फोन करा. फार्मासिस्ट आपल्यातला असेल तर दोनदा विचारा.