कृतीसरांची एकमेव कृती

आमच्या मुलीच्या, सईच्या प्रवेशासाठी आम्ही पहिल्यांदा त्या शाळेत गेलेलो, तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत समोरच एका वृद्ध गृहस्थांचा मोठा फोटो लावलेला होता. तारेच्या काड्यांचा चष्मा, जाड मिशी, विस्कटलेले केस आणि गळ्यात चंदनाचा हार. फोटोला हार दिसला की माझे हात आपोआप जोडले जातात. मी चपला काढून रीतसर वाकून नमस्कार केला आणि सर आत आल्यावर आदराने म्हणालो, "तुमचे वडील ना? तुमचं नाक अगदी त्यांच्यावर गेलंय."

माझ्या बायकोला, म्हणजे मेधाला, त्याच क्षणी खोकल्याची उबळ आली. सरांनी डोळे मिटून मंद हसत म्हटलं, "सईचे बाबा, एका अर्थाने हे आपल्या सगळ्यांचेच वडील." मग कळलं की फोटोतले आजोबा अमेरिकेतले तत्त्वज्ञ होते. मूल ऐकून शिकत नाही, करून शिकतं, असं त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी सांगितलं आणि तेव्हापासून जगभरातल्या शाळांत फळ्याकडे तोंड करून बसलेल्या पोरांना उठवून कामाला लावलं गेलं. आज कल्याणपासून ठाण्यापर्यंत कुठल्याही शाळेच्या माहितीपत्रकात 'प्रकल्प' आणि 'उपक्रम' हे शब्द सापडतात, ती सगळी याच आजोबांची नातवंडं. त्यांच्या देशात त्यांना कोणी चंदनाचा हार घातला असेल असं वाटत नाही. आपण मात्र घातला. एकदा हार घातला की त्या माणसाचं काही वाचावं लागत नाही.

मुख्याध्यापकांना आम्ही पालक आपसात कृतीसर म्हणायचो, कारण त्यांचं एकही वाक्य 'कृतीतून' या शब्दाशिवाय पुरं होत नसे. पण माणसाचे हात असे, की बघत राहावं. पांढरे, मऊ, नखं कापून घासलेली, ताटात वाढलेल्या श्रीखंडासारखे गुळगुळीत. ते हात कायम पाठीमागे एकमेकांत गुंफलेले असायचे. पालकसभेत पडद्यावर चित्र दाखवायचं असलं तर वायर मावशी लावायच्या, बटण आठवीतली मुलं दाबायची आणि चित्र उलटं आलं की सर म्हणायचे, "बघा, आता आपल्याला शिकायची संधी मिळाली!" संधी मिळाली की ते दोन पावलं मागे सरकत. मावशी पुन्हा वायर काढून लावत.

दुसरी सवय म्हणजे, कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर होतं: "तुम्हाला काय वाटतं?" मुलांनी विचारलं तरी हेच, पालकांनी विचारलं तरी हेच. पाचवीच्या मजल्यावरचा नळ महिनाभर बंद होता. त्या वर्गातल्या एकीची आई, कळव्याची, मोठ्या आवाजाची बाई, सभेत उठून म्हणाली, "सर, पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत. नळ कधी होणार?" सर म्हणाले, "ताई, तुम्हाला काय वाटतं? मुलांना पाण्याचं मूल्य यातूनच कळतंय." बाई खाली बसताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला काय वाटतं ते हितं सांगितलं ना भाऊ, तर पोरीचं नाव शाळेतून काढतील."

आणि करून शिकण्यातलं 'करणं' कोण करायचं? आम्ही. सई दुसरीत असताना तिच्या नावावर मी एक झुलता पूल बांधला. तिसरीत ज्वालामुखी. तो मेधाच्या नव्या चादरीवर फुटला. चौथीत मी पवनचक्की केली आणि तिला शाळेत दुसरा क्रमांक मिळाला, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पहिला क्रमांक एका वास्तुविशारद आईला मिळालेला. बक्षीस घ्यायला मुलं स्टेजवर गेली की खाली आम्ही पालक एकमेकांच्या कापलेल्या बोटांकडे बघायचो. विमा कार्यालयात वीस वर्षं काढलेला मी माणूस, मला खिळा सरळ ठोकता येत नव्हता, तो आता कार्डशीट तिरकी कापू लागलो. आमच्या पिढीला कृतीतून शिक्षण मिळालं ते असं, मुलांच्या शाळेत.

एकदा मला सुरसुरी आली आणि डोंबिवलीच्या ग्रंथालयातून त्या अमेरिकन आजोबांबद्दलचं एक मराठी पुस्तक आणून मी निम्मं वाचलं. म्हातारा चांगला होता हो. नुसतं हात चालवून कोणी शिकत नाही, केलेलं फसतं, माणूस अडतो, आणि अडल्यावर विचार सुरू होतो, असा काहीसा त्यांचा सूर होता. निदान मला कळला तो तेवढा. मी उत्साहाने ते सरांना सांगायला गेलो. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुंदर! हे एका चार्ट पेपरवर लिहून द्याल का? जिन्यात लावू."

सई सहावीत असताना शाळेने मागच्या मोकळ्या जागेत भाजीबाग काढली. कल्याणजवळ मोहन्याच्या रस्त्याला तेव्हा तेवढी जागा उरलेली होती. प्रत्येक मुलाला एक वाफा मिळाला. बहुतेकांचे वाफे पंधरवड्यात गवताने गिळले. सईची भेंडी तगली. पहिल्याच दिवशी भेंडीच्या लवेने तिच्या हातांना खाज सुटली, म्हणून दुसऱ्या दिवसापासून ती माझे जुने पायमोजे हातांत चढवून काम करू लागली. पानांच्या खाली मावा ही बारीक कीड पडली, तर मधल्या सुट्टीत ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. जेवताना तिचे प्रश्न सुरू व्हायचे.

"बाबा, मुंग्या माव्यापाशी जातात, पण त्याला खात नाहीत. मग कशाला जातात?"

"उद्या सरांना विचार."

"विचारलं. ते म्हणाले, तुला काय वाटतं?"

"मग तुला काय वाटतं?"

"मला वाटतं सरांना माहीत नाही," सई म्हणाली आणि भात कालवू लागली. मेधाने माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नव्हतं.

गणपतीला आम्ही गावी गेलो, तर पोरीचं लक्ष आरतीत नाही, भेंडीत. परत आल्यावर बॅगा घरात टाकून तिने मला आधी शाळेत नेलं. वॉचमनने कुरकुरत फाटक उघडलं. रोप अर्धं पिवळं पडलेलं, पानं आक्रसलेली, पण शेंड्याला एक भेंडी धरलेली होती, करंगळीएवढी, हुकासारखी वाकडी. सई तिथेच उकिडवी बसली. "बाबा, ही वाकडी का झाली असेल? एका बाजूने मावा होता म्हणून?" मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, "अजून आठ दिवस बघते. पुढची सरळ आली तर कळेल." शाळेत जाण्यासाठी इतकी वर्षं तिला ओढून उठवणारा मी, मला तिचा तो चेहरा नवा होता.

आणि त्याच आठवड्यात शाळा बघायला बाहेरून कोणी बाई येणार असल्याचं कळलं. करून शिकवणारी शाळा म्हणून त्या मान्यता देणार होत्या. सरांनी पालकांना निरोप धाडला: सकाळी सातला यावे, हातांनी काम करण्याचा आनंद लुटावा. गेलो. फाटकात टेम्पो उभा. टेम्पोत रोपवाटिकेतून आणलेली टोमॅटोची, मिरचीची, वांग्याची लगडलेली रोपं, काळ्या पिशव्यांमध्ये. ती पिशवीसकट पुरायची होती. मी कारण विचारलं, तर टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, संध्याकाळी परत न्यायचीत ना. भाड्याची आहेत."

आम्ही वीस-पंचवीस आईबाप गुडघे मोडून भाड्याची वांगी पुरत होतो. कळव्याच्या बाई माझ्या बाजूला होत्या. "भाऊ, नवरी भाड्याने आणायची तेवढी राहिली," त्या म्हणाल्या. जुनी रोपं उपटायची, नवी ठेवायची, असं करत करत खुरपं घेऊन मी सईच्या वाफ्यापाशी आलो. सई रोपासमोर उभी होती, हातांत पायमोजे.

"बाबा, हे नाही."

मी खुरपं हातात धरून उभा राहिलो. तेवढ्यात सर आले. हात पाठीमागे, पांढरा कुर्ता, कपाळावर घाम. ते गोड आवाजात म्हणाले, "सई बाळा, फळ महत्त्वाचं नसतं, प्रक्रिया महत्त्वाची असते. तुझी प्रक्रिया झाली ना? मग आता हे रोगट रोप काढायला हवं."

सई म्हणाली, "सर, प्रक्रिया अजून चालूच आहे."

मी सांगतो, त्या अमेरिकन आजोबांनी हे वाक्य ऐकलं असतं, तर पोरीला कडेवर घेतलं असतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुरप्याकडे पाहिलं. "सर, पाहुण्या नक्की किती वाजता येणार आहेत?" असं काहीतरी मी विचारलं. आणि मग कृतीसर वाकले. पाठीमागचे हात पुढे आले, त्यांनी बुंधा दोन्ही मुठींत धरला आणि रोप मुळासकट उपटलं. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेली, मी पाहिलेली ती एकमेव कृती.

दुसऱ्या क्षणी ते तळवे कुर्त्याला घासू लागले. सई शांतपणे म्हणाली, "सर, मोजे घालायचे असतात. भेंडीची लव टोचते. मला पहिल्याच दिवशी कळलं."

पाहुण्या बाई आल्या, त्यांनी भिंतीवरचे तक्ते पाहिले, चहा घेतला. बागेत चिखल होता म्हणून त्यांनी बाग वरच्या खिडकीतूनच पाहिली. तिथून सगळं हिरवंच दिसत होतं. स्वागताचं भाषण करताना सर एका हाताने दुसरा हात खाजवत होते. बाईंनी काळजीने विचारलं, तर म्हणाले, धुळीची ॲलर्जी. मान्यता मिळाली. सईने रोप रिक्षातून मांडीवर घेऊन घरी आणलं, गॅलरीत बादलीत लावलं. चार दिवसांत ते काळं पडलं, तेव्हा तिनेच उचलून टाकलं. पुढच्या वर्षी शाळेने विचारलं, बागकाम की बुद्धिबळ? तिने बुद्धिबळ घेतलं. मुंग्यांचं तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

सर वर्षभरात ती शाळा सोडून गेले. निरोपसमारंभात त्यांनी एक रोप लावलं, म्हणजे मावशींनी लावलं, सरांनी झारीला स्पर्श केला. मी मात्र ती भेंडीची गोष्ट घरोघरी सांगितली. मेहुण्याला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, ऑफिसच्या डब्याच्या वेळी. सर कसे खाजवत होते, ते करून दाखवलं. हमखास हशा पिकतो.

परवा मेधाच्या बँकेतल्या मैत्रिणीने ठाण्यातल्या एका व्याख्यानाच्या प्रवेशिका दिल्या. विषय बालसंगोपन. पडदा वर गेला आणि पाहतो तर कृतीसर. केस पिकलेले, हात तसेच. सई आता नववीत आहे, ती आमच्या मध्ये बसलेली. अर्ध्या तासाने सर आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या शाळेत एक मुलगी होती. तिचं भेंडीचं एक रोगट रोप होतं. पाहुणे येणार, म्हणून लोक ते उपटायला निघाले. ती मला म्हणाली, सर, प्रक्रिया अजून चालूच आहे!" सरांनी हात पाठीमागे गुंफले. "मी म्हटलं, थांबा. या रोपाला कोणीही हात लावायचा नाही. आणि पाहुण्यांना मी आधी त्या रोपापाशी नेलं."

टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. मी ताडकन उभा राहिलो. मागून आवाज आला, "काका, बसा ना, दिसत नाहीये." सईने माझी बाही ओढली. "बाबा, बस. प्लीज." तिचा चेहरा लाल झाला होता. मी बसलो. ती समोर बघत राहिली आणि नंतर सगळे टाळ्या वाजवत असताना तिने हात मांडीखाली धरले.

बाहेर आल्यावर सई आईस्क्रीम आणायला पुढे गेली आणि माझा बांध फुटला. किती खोटारडा माणूस, म्हटलं, किती निर्लज्ज! स्वतःच्या हातांनी उपटलेलं रोप हा स्टेजवर वाचवतो! मी उद्याच सगळ्यांना सांगणार, खरं काय झालं ते.

मेधा रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या सईकडे बघत होती. म्हणाली, "अरे, खरं काय ते तू इतकी वर्षं सांगतोच आहेस, आणि लोक हसतात. त्याचं खोटं आहे. पण तिथे मोठ्या माणसाने काय करायला हवं होतं, ते त्याला निदान कळलेलं दिसतं."